बोटभर सैल

"बोटभर सैल शीव गं. घालणाऱ्याला मोकळा श्वास घेता आला पाहिजे."

आईचा हा धडा ताईच्या हातात असा मुरला होता, की तिच्या मशीनखालून घट्ट कपडा कधी निघालाच नाही. म्हणूनच घरोघर औषधं पोचवणारा धाकटा भाऊ कपाळावर हेल्मेटचा लाल वळ घेऊन आला, तेव्हा तिला राहवलं नाही. तिने आतला जाड फोम कात्रीने सोलून काढला आणि मऊ सुती अस्तर लावून दिलं.

आठच दिवसांत एका वळणावर त्याची स्कूटर घसरली. वेग काही फार नव्हता. पण हेल्मेट डोक्यावरून निसटलं आणि उघडं डोकं रस्त्यावर आपटलं.

आता तो दवाखान्यातून घरी आला होता. डोक्यावर टाके होते, बोलताना साधे शब्द हरवायचे. पेल्याला 'ते, पाण्याचं' म्हणायचा. एक वाक्य मात्र न अडखळता यायचं, "पट्टा लावला नव्हता मी. माझीच चूक."

ताई खाली मान घालून ऐकायची. त्या सकाळी पट्टा तिनेच लावून दिला होता. रोज देवापुढे बसून ती त्याच्यासाठी आयुष्य मागायची. खरं बोलायचं बळ मागायला मात्र जीभ रेटत नव्हती.

स्कूटर दुरुस्त होऊन आली, तशी भावजयीने खुंटीवरचं तेच हेल्मेट काढलं. आजपासून औषधांच्या फेऱ्या ती करणार होती.

"ते घालू नकोस," ताई म्हणाली.

"का? फुटलंय कुठे? आणि तुमच्या भावासारखी विसरभोळी नाही मी. पट्टा लावीन."

"ताई, राहू दे," भाऊ पलंगावरून म्हणाला.

"नाही रे, बाळा." ताई भावजयीकडे वळली. "पट्टा लावला होता याने. आतला फोम मी काढला. टोचतंय म्हणून. त्यामुळेच ते सैल झालं."

भावजय स्टुलावर टेकली. अस्तराच्या बारीक, एकसारख्या टाक्यांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

"मी रोज याला बोल लावत होते, ताई. तुम्ही सांगायला हवं होतं."

"हो. चुकलंच माझं."

"आणि हा शहाणा! पेला आठवत नाही, थाप मात्र तोंडपाठ."

भाऊ ओशाळून हसला. भावजयीने पदराने डोळे टिपले.

"आज गाडीला हात लावू नकोस," ताई म्हणाली. "दुपारच्या आत तुझ्यासाठी नवं आणते."

"घट्ट बघून आणा. मी कुरकुरले तरी ऐकू नका."

ताईने तिच्या कपाळाभोवती टेप धरला आणि माप चिठ्ठीवर लिहिलं.

"माझं?" भावाने विचारलं.

"टाके सुकले की तुझं."

त्याच्या अंगावरची चादर तिने नीट केली, पायांत चपला सरकवल्या आणि दार अलगद ओढून घेऊन बाजाराच्या दिशेने चालू लागली.