खडूने टाकलेली तारीख

घरोघरी जाऊन डासांच्या अळ्या शोधणं हे माझं काम. घर तपासून झालं की दारावर खडूने तारीख टाकायची. गेल्या महिन्यात समोरच्या शिंपीणकाकूंच्या कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडल्या, तेव्हा मी साऱ्या मजल्यादेखत त्यांचा पाणउतारा केला. "डेंग्यूचा डास गटारात नाही, तुमच्यासारख्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो," असं सुनावलं होतं.

आता माझ्या सासूबाईच डेंग्यूने दवाखान्यात आहेत. रुग्णाचं घर पुन्हा तपासायचं असतं, म्हणून आज माझी सहकारी आली. मी तोऱ्यात दारावरची माझीच तारीख दाखवली. तिने फ्रिज पुढे ओढला. मागच्या ट्रेमध्ये पाणी साठलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

"तारीख टाकलीस तेव्हा हा ट्रे पाहिला होतास?" तिने विचारलं.

कामावर निघताना, कुलूप लावता लावता मी ती तारीख टाकली होती. घर माझंच, त्यात काय बघायचं.

तेवढ्यात काकू सासूबाईंसाठी डबा घेऊन दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता माझी खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घातली. निघाली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या पोरीला कालपासून ताप आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या फ्रिजमागे तू पाहिलं होतंस ना गं?"

त्यांच्या दारावरही माझीच तारीख होती.