दुसऱ्या व्हायोलिनचे नऊ बार

"लिझी, तू परत मागे पडलीस." हनियाने व्हायोलिनचा बो खाली घेतला.

हनिया दोह्यातल्या एका शाळेत संगीत शिकवायची, चौघांच्या क्वार्टेटमधली पहिली व्हायोलिन तिची. वसईची लिझी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि व्हायोलिनपेक्षा जरा मोठी व्हायोला वाजवायची. तिचा धाकटा भाऊ डेरिल दुसऱ्या व्हायोलिनवर, चार्ल्स चेलोवर. शुक्रवारी मुशैरिबच्या छोट्या हॉलमध्ये ते हाव्हरलिक या जुन्या संगीतकाराची चौघांसाठीची रचना वाजवणार होते. दीडशे वर्षांत हाव्हरलिकला सगळे विसरले होते. चौघांचे सुटे छापील कागद तेवढे उरले होते; चारही ओळी एकत्र दाखवणारी प्रत कुठेच नव्हती.

तिसऱ्या भागात डेरिल आणि लिझीने बराच वेळ गप्प राहून एकदम सुरू करायचं होतं. डेरिल बेधडक सुरू करायचा आणि लिझी एक बार, म्हणजे तालाचं एक आवर्तन, मागून.

"डेरिलसारखं मोज," हनिया म्हणाली. "उद्याही असंच झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

डेरिल आपली व्हायोलिन पेटीत ठेवू लागला.

अल नस्र भागातल्या आपल्या घरी येताच लिझीने फोनवर काढलेले सगळ्यांच्या कागदांचे फोटो उघडले आणि तो तुकडा एकाखाली एक उतरवून काढला. तिच्या कागदावर दहा बार गप्प, डेरिलच्या कागदावर नऊ. दहा धरले तरच सूर जुळत होते. छापणाऱ्याचीच चूक. पण नऊच्या शेजारी पेन्सिलने लिहून खोडलेला दहा होता, आणि अक्षर डेरिलचं होतं.

"तुला ठाऊक होतं," ती त्याला म्हणाली.

"दोन आठवडे झाले, बाय. हनिया अल दुहैलच्या शाळेत संगीत शिक्षकाच्या नोकरीसाठी माझं नाव सुचवतेय. डेरिल मोजायला पक्का, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. मग कसं सांगू?"

"आणि मला काढलं असतं म्हणजे?"

डेरिल फोनवरचे फोटो पुढेमागे सरकवत राहिला.

"उद्या तू सांग. नाहीतर मी सांगते."

दुसऱ्या दिवशी डेरिल हनियाला काही न सांगताच वाजवायला बसला. तिसरा भाग आला. लिझी मनात मोजत होती. आठ, नऊ... डेरिलचा बो उचलला गेला आणि तसाच थांबला. दहा झाल्यावर दोघांनी एकदम सुरू केलं.

तुकडा संपला तशी हनिया हसली. "बघ लिझी, मोजलं की जमतं."

लिझीने भावाकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला.

"ती पहिल्यापासून बरोबर होती. माझ्या कागदावर एक बार कमी छापलाय. मला माहीत होतं."

हनियाने त्याचा कागद ओढून घेतला, नऊवर काट मारली आणि दहा लिहिला.

"लिझी, मी चुकले," ती म्हणाली. डेरिलचा कागद तिने त्याच्याकडे न बघताच परत ठेवला.

शुक्रवारी तो तुकडा नीट पार पडला. शाळेतल्या नोकरीचा विषय हनियाने पुन्हा काढला नाही आणि डेरिलनेही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "ममीला सांगू नकोस."

"नाही सांगत," लिझी म्हणाली.