पायरीला पाणी

"हरला त तलावावरून पान्याचा गुंड भरायचा, डोक्यावर घ्यायचा, न् बायांसारखा चालत चौकात यायचा. मंजूर?" मी म्हटलं.

"मंजूर," भैय्यालाल म्हणाला. "पन तुई मान मोडंन, रूपलाल."

कैलाशच्या चहाटपरीवर सगळे खिदळले. मुर्री गावात मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, पण जास्त नाव खोड्या काढण्यात कमावलंय. भैय्यालाल माझा शेजारी, शाळेतून रिटायर झालेला चपराशी, बायको गेल्यापासून एकटाच राहतो. त्याची मुलगी टीना नागपूरला नर्स. तिनं जुना लॅपटॉप बापाला दिला होता, एक खेळ टाकून. त्यात माणसं बनवायची, त्यांना घर बांधायचं आणि नकाशात हव्या त्या जागी नेऊन ठेवायचं. पैज अशी, की रविवारी सकाळी त्यानं तलावाकाठचं घर टपरीवर दाखवायचं. पायरीला पाणी लागलं पाहिजे.

तीनदा चुकलं त्याचं. गावात दार रस्त्याकडे असतं, म्हणून खेळातही तो दार रस्त्याकडे करायचा. मग दारापुढच्या घाटासारख्या पायऱ्या डांबरावर आणि पाणी मागच्या भिंतीला. मी बाजूला बसून पोट धरून हसायचो. शुक्रवारी त्यानं अख्खं घर फिरवून ठेवलं. बरोब्बर बसलं.

आता मी हरू?

शनिवारी दुपारी तो बीपीच्या गोळ्या आणायला गोंदियात गेला. चावी नेहमीसारखी माझ्याकडे. त्याचं बघून मीही शिकलोच होतो. घर उचललं, नकाशाच्या पार टोकाला कोरड्या माळावर ठेवलं, सेव्ह केलं. हिरव्या कपड्यातली एक बाई घरातून निघाली, पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर नुसती उभी राहिली. मी एकटाच खो-खो हसलो.

रविवारी टपरीवर त्यानं लॅपटॉप उघडला. कैलाश ओरडला, "काऊन गा, तलाव आटला का?"

हशा पिकला. माझा सगळ्यात मोठा. भैय्यालालनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मायाच हातून बटन चुकला असंन," तो म्हणाला. मग पडद्यावरच्या बाईकडे बोट केलं. "हे रुख्मा होय. एकतीस वर्स तलावावरून पानी आनलन तिनं. घरी नळ आला, त्याच साली गेली. म्हनलो, इथं तरी दारात पानी देऊ."

तो उठला. टपरीमागचा गुंड उचलायला वाकला.

मी पुढे होऊन गुंड धरला.

"ठेव भैय्याजी," मी कसंबसं म्हटलं. "काल मी हलवलो तुयं घर. हरलो मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तलावावर मी गुंड भरला. डोक्यावर घेतला, तर घसरायला लागला. सगळे काठावर उभे, हसत कोणीच नव्हतं. भैय्यालाल पुढे आला, खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याची चुंबळ वळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"अशी वळते," म्हणाला. "आता खाली नोको पाहू. समोर पाह."

समोर बघणं मला जमलं नाही. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. तो लॅपटॉप छातीशी धरून माझ्यामागून चालत होता.

भरलेला गुंड एकट्यानं उतरवता येत नाही. चौकात पोचल्यावर त्यानं लॅपटॉप कैलाशकडे दिला आणि दोन्ही हात वर करून गुंड धरला.