पातळ तेलाची टकटक

सदाशिवरावांना गाडी चालवता येत नसे, पण ऐकता येत असे. त्यांच्या पत्नी मंजुषाताई संध्याकाळी लोहारा गावच्या कारखान्यातून गाडीनं परतल्या की गल्लीच्या तोंडाशीच इंजिनाची टकटक ऐकू यायची. ती आली की सदाशिवरावांनी उठून चहा ठेवायचा. बाईंनी चपला काढेपर्यंत कप तयार. बाकी घरकामात त्यांचा उजेडच होता.

मंजुषाताई गेल्या त्याला दिवाळीत वर्ष झालं. त्यानंतर या रिटायर माणसानं हट्टानं गाडी शिकून घेतली. ऊन तापलं तसा सिग्नलला थांबलं की गाडीतला तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला, म्हणून त्यांनी जफरभाईचं गॅरेज गाठलं.

"इंजिन झिजलं साहेब. या उन्हात पातळ तेलाचं पानीच होते. बीस-पचासचं जाडं टाकू. टकटकबी बंद होईन."

"नको. कंपनीच्या पुस्तकात पातळ, टेन-थर्टी लिहिलंय."

"पुस्तक लिहिलं तवा गाडी नवरी होती. आता सासू झाली ते!"

"मी म्हणतो ना, पातळच टाका!"

जफरभाईनं फडक्याला हात पुसले. "भाभीबी अशाच भांडे. मी म्हनो, गाडी टकटक करून राह्यली, जाडं टाकतो. त म्हने, नको जफरभाई, आवाज गेला त साहेबाले चहा कवा ठेवावा ते कसं समजन?"

सदाशिवराव बाजूच्या टायरवर टेकले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, कान आपला तिखट आहे. तो आवाज कोणी आपल्यासाठी जपून घरापर्यंत आणत होतं, हे त्या कानाला कधी कळलंच नव्हतं.

"आता पातळ टाकलं तर?"

"याच उन्हाळ्यात इंजिन बसन. मंग ना गाडी, ना आवाज."

"आणि जाडं टाकलं, तर... अजिबातच नाही येणार?"

जफरभाईनं आता कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. "येईन ना. रातभर तेल खाली बसते. जाडं असलं का वर चढाले टाइम घेते. सकाळी पयल्यांदा चालू करान, तवा थोडकशी टकटक येईन. मंग चूप."

"थोडकशी म्हणजे किती?"

"आता ते का मापून देऊ, साहेब?"

सदाशिवराव उठून उघड्या बॉनेटपाशी आले. मग म्हणाले, "टाका जाडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या गाडीत बसून त्यांनी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. टक, टक, टक. मिटल्या डोळ्यांमागे आवाज गल्लीच्या तोंडाशी होता. मग वळणावर आला. मग कडुनिंबाखाली. फाटकापर्यंत काही तो पोचला नाही. तेल वर चढलं होतं.

त्यांनी गाडी बंद केली, लगबगीनं आत गेले आणि चहा ठेवला. बाईंना चपला काढायला लागायचा, तेवढाच काय तो वेळ हाताशी होता.