नुसती सर्दी

मुलाखत संपली की सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं, हा आत्याचा नियम होता. बोलण्याच्या तुकड्यांना सांधायला त्या खोलीचा स्वतःचा आवाज लागतो, पंख्याचा, बाहेरच्या रस्त्याचा. आत्या त्याला ‘खोलीची शांतता’ म्हणायची. वीस वर्षं ती रोगांवर, आणि रोगांहून चिवट अशा माणसांच्या समजुतींवर, माहितीपट काढत आली होती. त्या एका मिनिटात कुणी खाकरलं तरी ती डोळ्यांनीच दम भरत असे.

त्या दिवशी आरोग्य केंद्रात भिंत फोडायचं काम चाललं होतं. म्हणून क्षयाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुलाखत तिनं आपल्या दादाच्या बैठकीच्या खोलीत घेतली. वहिनीनं सोफ्याच्या उशा तीनदा बदलल्या. नर्सबाई छान बोलल्या. कॅमेरामननं हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

दहा-बारा सेकंद नुसता पंखा ऐकू येत होता. मग आतल्या बंद दाराआडून खोकला आला. तोंडावर उशी दाबून धरलेला, तरी न थांबणारा.

आतली ती खोली आत्याच्या भाचीची. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरला नव्हता. पण भिंगरी तर अभ्यासाला मामाकडे गेली होती. वहिनी महिनाभर हेच सांगत होती.

“किती दिवस झाले?” नर्सबाईंनी वहिनीला विचारलं.

“काय किती दिवस? सर्दी आहे. नुसती सर्दी.”

“मी दिवस विचारले.”

दादानं वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. ते कालचं होतं.

आत्यानं दार उघडलं. खिडकी गच्च बंद, स्टुलावर एक वेगळं ताट, वेगळा पेला, आणि पलंगावर बावीस वर्षांची भिंगरी, डोळे खोल गेलेली. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असली ताटं-पेले तिनं किती घरांत जवळून टिपले होते, आणि सख्ख्या भावाच्या घरी ती दर रविवारी जेवून जात होती.

तपासणी झाली. क्षयच निघाला. नर्सबाईंनी गोळ्या हातात देऊन सगळ्यांना समोर बसवलं. “थोड्याच आठवड्यांत हिच्यापासून कुणाला धोका राहणार नाही. पण गोळ्या सहा महिने, एक दिवस न चुकता. मध्येच सोडल्या तर रोग डोकं वर काढतो, आणि मग याच औषधाला जुमानत नाही.”

दोन महिन्यांत भिंगरीच्या गालांवर रंग आला, खोकला गेला. आणि नेमकं तेव्हाच स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला होता, माणसं बरी होती, आणि त्यांना महिन्याभरात लग्न उरकायचं होतं.

“त्यांना सांगून टाकू,” आत्या म्हणाली. “बरी होतेय ती. लपवण्यासारखं काय आहे?”

“वन्सं, तुमचं बरं आहे. तुम्ही सांगाल आणि कॅमेरा उचलून पुढच्या घरी जाल.” वहिनीचा आवाज चढला नव्हता. “एकदा मुलीच्या नावाला क्षय चिकटला की तो बरा झाला हे सांगायला मी कुणाकुणाच्या दारी जाऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आत्यानं भिंगरीकडे पाहिलं. वाटलं, ही तरी बोलेल.

“आत्या, तू कागदावर सही घेतल्याशिवाय कुणाचं काही दाखवत नाहीस ना?” भिंगरी म्हणाली. “मग माझी सही नाही.”

ज्याची गोष्ट त्याची परवानगी, हे तिनंच भाचीला शिकवलं होतं. पण निदान औषध तरी चालू राहावं म्हणून तिनं जे केलं, ते तिला जन्मभर पुरलं. पडद्यावर माणसांचे चेहरे धूसर करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं गोळ्यांचाही चेहरा झाकला. एकेक गोळी वेष्टनातून काढून तिनं केसांच्या जीवनसत्त्वांच्या रिकाम्या बाटलीत भरली. भिंगरी हसून म्हणाली, “केस तरी वाढतील.” आत्याही हसली.

सासरी तिसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी ती बाटली पाहिली. सून रोज सकाळी मोरीचं दार लावून, उपाशीपोटी, चोरून गोळ्या घेते. केसांच्या गोळ्या कुणी चोरून घेतं का? मूल होऊ नये म्हणूनच या गोळ्या, असा त्यांनी अर्थ लावला, आणि सगळ्या बाटलीभर गोळ्या भांडी घासायच्या जागी ओतून वर नळ सोडला.

“आता तरी खरं सांग, कसल्या होत्या?”

भिंगरी एक शब्द बोलली असती तर औषध पुन्हा सुरू झालं असतं, पण संसार गेला असता, असं तिला वाटलं. तेव्हापासून तिच्या कपाटाची झडती होऊ लागली. आत्या फोनवर दर आठवड्याला विचारायची. “घेते गं,” भिंगरी सांगायची. तिला बरंही वाटत होतं. बरं वाटण्यानंच घात केला.

पाच महिन्यांनी खोकला परतला, तपासणीत जुना रोग उघडा पडला, आणि एका दुपारी सासरच्यांनी तिला दादाच्या दारात आणून सोडलं. “फसवलंत आम्हाला,” एवढंच सासरे म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणून कुणाला उलट बोलता आलं नाही.

रुग्णालयात पहिली औषधं चालली नाहीत. दुसरी, जहाल औषधं दिली, तोवर फुफ्फुसात फारसं काही उरलं नव्हतं. आत्या रोज जाऊन बसायची. वीस वर्षांत जमवलेले डॉक्टर, अधिकारी, ओळखी, सगळं वापरून झालं. काही उपयोग झाला नाही.

“तुझा तो कागद आण,” एक दिवस भिंगरी म्हणाली.

“चेहरा झाकते तुझा.”

“नको. झाकण्याचे लाड पुरे झाले.”

तिनं थांबत थांबत सगळं सांगितलं. ताट-पेला, बाटली, नळ. आईवर रागावली नाही, सासूवरही नाही. मग आत्याचा नियम आठवून म्हणाली, “आता एक मिनिट गप्प, ना?” पण ते मिनिट तिला गप्प काढता आलं नाही. सबंध मिनिट ती खोकत राहिली. कॅमेरामननं यंत्र बंद केलं नाही, आणि आत्यानं या वेळी कुणाला दम भरला नाही.

तीन आठवड्यांनी ती गेली. भेटायला येणाऱ्यांना वहिनी सांगत होती, “ताप मेंदूत गेला हो.” घरात अजून भिंगरीची धाकटी बहीण लग्नाची होती.

माहितीपट पूर्ण झाला. पहिल्या खेळाला सभागृह भरलं होतं. आत्या भिंतीला टेकून मागे उभी होती. शेवटी भिंगरीचं ते मिनिट आत्यानं जसंच्या तसं ठेवलं होतं. पुष्कळ जण डोळे पुसत होते.

पडदा काळा झाला आणि त्या शांततेत सहाव्या रांगेतल्या एका बाईला खोकला आला. तिनं रुमालात तोंड दाबलं, तरी थांबेना. शेजारी बसलेली, आत्ताच हुंदके देणारी बाई, पर्स घेऊन उठली आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसली.

आत्या खाली आली आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसली.

“किती दिवस झाले?” तिनं हळू विचारलं.

“कुठं काय? सर्दी आहे हो. नुसती सर्दी,” ती बाई म्हणाली आणि रुमाल तोंडावर तसाच धरून दाराकडे निघाली.

टाळ्या सुरू झाल्या होत्या. दिग्दर्शिकेनं मंचावर यावं असं कुणीतरी पुकारत होतं. आत्या उठली आणि त्या बाईच्या मागोमाग दाराबाहेर गेली.