ताईंचं अर्धं राहिलेलं वाक्य

माझ्या नणंदेला जन्मापासून ऐकू येत नाही. लग्न करून मी या घरात आले तेव्हा वाटलं होतं, चला, निदान घर शांत असेल. कसलं शांत! ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, जेवायला बसले की दोघांची जुंपायची. हात वाऱ्यासारखे चालायचे, मध्येच कुणीतरी टेबलावर थाप मारायचं आणि ताटं-वाट्या नाचायच्या. पहिलं वर्षभर मी टेनिसचा सामना बघितल्यासारखी मान इकडून तिकडे फिरवत बसले. मग हळूहळू माझेही हात सुटले.

खुणांच्या भाषेत प्रत्येकाला वेगळं नाव असतं. ताईंचं नाव गालावर बोट टेकवून घ्यायचं, कारण त्यांना खळी पडते. माझं नाव डोक्यामागे मूठ धरून, अंबाड्यासारखी. ह्यांचं नाव म्हणजे कपाळाला आठी. ते नाव ताईंनीच ठेवलंय आणि भावाने कितीही आक्षेप घेतला तरी बदललेलं नाही. खरं सांगायचं तर ते चपखल आहे. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, आणि माणसांचा जीव दोरावर टांगलेला असतो या विचाराची सवय त्यांना घरीसुद्धा सुटत नाही. एक मिक्सर घ्यायचा तर सगळी दुकानं पालथी घातली. घेईपर्यंत मी पाट्यावर वाटायला शिकले.

ताई चष्म्याच्या कारखान्यात कामाला आहेत. काच घासून फ्रेमच्या मापाची करायची आणि अलगद आत बसवायची. हात असा स्थिर, की मालक अवघड काचा त्यांच्याखेरीज कुणाला देत नाहीत. लग्न केलं नव्हतं. स्थळं आली होती, पण ताईंचं म्हणणं, ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याशी लग्न कसलं करायचं?

मग त्यांच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला आणि तिथे मिशीवाले भेटले. ओठावर दोन बोटं फिरवली की ते. तेही ऐकू न येणारे, दूरच्या एका गावात छापखान्यात पानं लावायचं काम करतात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर रविवारी दुपारी दोघं मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून बोलायची. ताई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. पण दाराला काच, आणि आमच्या घरात काचेतून सगळं ऐकू येतं! म्हणून ताईंनी आतून काचेवर एक जुनं कॅलेंडर चिकटवलं. मी गालातल्या गालात हसले आणि चहा लागला तरी आत जायचं टाळू लागले.

एका रविवारी बघते तर कॅलेंडर काढलेलं. ताई भाजी चिरत बसलेल्या, फोन कपाटावर पालथा. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही.

"काय झालं? आज बोलणार नाही का?" ह्यांनी न राहवून विचारलं.

"चित्र अडकतं," ताईंनी खुणेनं सांगितलं. "कंटाळा आला."

माझा काही विश्वास बसला नाही. पण ह्यांचा चेहरा असा उजळला, जणू बंद पडलेल्या लिफ्टसाठी बोलावणं आलंय. अडकणारी गोष्ट सोडवणं हेच तर ह्यांचं काम!

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं चौकातल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. काउंटरमागे एक हसतमुख विक्रेती होती. तिने लगेच दोन फोन पुढे ठेवले.

"याचा आवाज ऐका, सर. समोर बसून बोलल्यासारखा येतो."

"आवाज नको," हे म्हणाले.

"बरं, मग गाण्यांसाठी हा..."

"गाणीही नकोत. आवाजच नको. बिनआवाजाचा असेल तरी चालेल."

ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं समजावून सांगितलं. ऐकल्यावर तिने दोन्ही फोन बाजूला केले आणि स्टूल ओढून बसली. "मग ताईंचं चित्र बाहेर कसं जातं ते बघा. सगळे विचारतात, सिनेमा अडकतो का. सिनेमा आपल्याकडे येतो. ताईंचे हात मात्र इथून तिकडे जायचेत. येण्याचा वेग भरपूर आणि जाण्याचा मुंगीचा, असं पुष्कळ वेळा असतं. आणि ते घराघरात बदलतं हो. माझ्या सांगण्यावर जाऊ नका, घरी लावून बघा."

दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. आमचे हे तिच्यावर बेहद्द खूश झाले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. तीन कंपन्यांची सिमकार्डं: एक आमचं, एक शेजारच्यांकडून मागून आणलेलं, एक नवं. ह्यांचा स्वतःचा फोन, माझा लॅपटॉप, एका मित्राचा टॅब्लेट, आणि शिवाय खिशात मावेल असा एक वाय-फायचा डबा. टेबलावर पाय ठेवायला, चुकले, हात ठेवायला जागा नव्हती. बेत असा होता: ताईंनी वर स्वयंपाकघरात उभं राहून काहीतरी लांबलचक बोलायचं, मी खाली इमारतीच्या फाटकापाशी फोन घेऊन उभं राहायचं आणि काय पोहोचलं ते सांगायचं. ताई फारशा उत्साहात नव्हत्या. भावाच्या समाधानासाठी उभ्या राहिल्या इतकंच.

"आधी जुना फोन आणि जुनंच कार्ड," ह्यांनी ठरवलं. "फरक कशाशी करायचा ते नको का कळायला?"

मी फाटकापाशी उभी राहिले. पडद्यावर ताई आल्या. "मी बाजारात," इथपर्यंत हात स्वच्छ दिसले. मग चित्र थिजलं. हातांच्या जागी नुसता पिवळट डाग. आणि एकदम चित्र सुटलं तेव्हा ताईंचा पंजा डावी-उजवीकडे हलत होता. नाही.

मी खुणेनं परत सांगितलं, "तुम्ही म्हणालात, मी बाजारात येणार नाही."

ताई जशाच्या तशा उभ्या राहिल्या. मला वाटलं, पुन्हा अडकलं. पण त्यांच्या मागचा पंखा फिरत होता. चित्र चालू होतं. ताईच थांबल्या होत्या.

मी जिना चढून वर गेले. ताई खुर्चीवर बसल्या होत्या आणि हे त्यांच्यासमोर गोंधळून उभे होते.

"काय बोलला होतात तुम्ही?" मी विचारलं.

"बाजारात येईन, पण रांगेत उभी राहणार नाही," ताई म्हणाल्या. मग जरा वेळ त्यांचे हात मांडीवर पडून राहिले. हातच बोलायचे थांबले की या घरात खरी शांतता होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या शेवटच्या रविवारी मिशीवाल्यांनी लग्नाचं विचारलं होतं. माझ्या गावी येऊन राहाल का, म्हणून. ताईंनी उत्तर दिलं होतं, "येईन, पण काम सोडणार नाही." पलीकडून मिशीवाले नुसते बघत राहिले, मान हलवली आणि कॉल बंद झाला. थोड्या वेळाने त्यांचा संदेश आला. ताईंनी फोन उघडून तो आम्हाला दाखवला. "समजलं. पुन्हा विचारणार नाही."

"मला वाटलं, बायकोनं काम केलेलं त्यांना चालत नाही," ताई म्हणाल्या. "म्हटलं, नाही तर नाही. अशा माणसाच्या मागे कोण लागणार?"

"आणि त्यांना दिसलं नुसतं 'नाही'," मी म्हणाले.

ताईंनी मान डोलावली. त्यांना लिहिण्याची फारशी आवड नाही. लिहिलेली भाषा ही त्यांच्यासाठी परकी, शाळेत शिकलेली. असल्या नाजूक गोष्टी त्या कागदावर काय, पडद्यावरही लिहीत नाहीत. तिकडच्यांचंही तसंच असणार. दोघंही मानी, आणि मध्ये दीड ओळीचा संदेश.

"मला आधी का नाही सांगितलंस?" हे चिडले.

"तुला? तू चार नवरे घरी आणून त्यांची तुलना करत बसला असतास."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ह्यांनी मात्र फोन उचलला. "मी आत्ता त्यांना लिहितो. गैरसमज झालाय म्हणून."

ताईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "माझं वाक्य आहे. मीच पूर्ण करणार. आणि नीट दिसेल असं."

त्यानंतर प्रयोग ताईंच्या ताब्यात गेले. आता त्यांना घाई होती, पण काचा घासणाऱ्या बाईची घाई, म्हणजे मापात तडजोड नाही. एका कंपनीचं नेट असं, की सिनेमा पळायचा, पण ताईंचे हात खालपर्यंत पोहोचता पोहोचता धापा टाकायचे. दुसरीचं सकाळी छान, पण संध्याकाळी सगळी इमारत घरी आली की कोलमडायचं. तिसरं, शेजारच्यांकडून आणलेलं, वेगात काही खास नव्हतं, पण स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ एकाच चालीनं चालायचं. वाय-फायचा डबा खिडकीत ठेवला की जोर धरायचा आणि तिथून हलवला की रुसायचा.

यंत्रांचीही तीच गत. ह्यांच्या फोनचं चित्र आरशासारखं, पण दोन्ही हात मोकळे ठेवायचे तर तो लांब ठेवावा लागतो, आणि तेवढ्या अंतरावरून समोरच्याची बोटं काडेपेटीतल्या काड्यांसारखी दिसतात. लॅपटॉपचा पडदा मोठा, पण कॅमेरा आंधळा. दिव्याच्या उजेडात हात हलवला की मागे धुराची शेपटी. टॅब्लेट ताईंनी पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, मागे हटल्या, हात हलवून बघितले.

"याचं चित्र जरा धुरकट आहे," ह्यांनी शंका काढली. "बाजारात याहून चांगले..."

"चेहरा धुरकट चालेल. हात थांबता कामा नयेत," ताई म्हणाल्या. "हा. आणि शेजारच्यांची कंपनी."

"पण सगळ्यात वेगवान ती नाहीये!"

"मला कुठे शर्यत लावायचीय?"

झालं, निकाल लागला. ह्यांच्या कपाळावर दिवसभर त्यांचं नाव उमटलेलं होतं.

रविवारी दुपारी हात उठून दिसावेत म्हणून ताईंनी गडद रंगाचा साधा कुर्ता घातला, पाठीमागच्या भिंतीवरच्या झारे-पळ्या उतरवल्या, खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी बाहेर जायला निघाले तर त्यांनी हात धरून बाजूला बसवलं. हे दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. बोलावलं नव्हतं त्यांना.

कॉल लागला. बराच वेळ कुणी घेईना. मग पडद्यावर एक गोरा, गुळगुळीत चेहरा आला आणि मला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

ताईंनी इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. "मिशी कुठे गेली?"

ते गृहस्थ ओशाळले. ओठावरून हात फिरवला. "कुणासाठी ठेवायची?"

ताईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं?"

"नाही म्हणालात."

"मी नाही म्हणाले नव्हते." ताईंनी दोन्ही हात उचलले आणि सावकाश, एक एक खूण पूर्ण करत, काच फ्रेममध्ये बसवावी तसं म्हटलं, "मी तुमच्या गावी येईन. पण माझं काम सोडणार नाही."

ते गृहस्थ पडद्याच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "पुन्हा सांगा."

ताईंनी घाबरून टॅब्लेटकडे बघितलं. "चित्र अडकलं का?"

"नाही. चित्र ठीक होतं. पुन्हा बघायचं होतं."

मी उठून बाहेर गेले. दाराशी ह्यांनी मला गाठलं. "काय झालं? कसं चाललंय? अडकतंय का?"

"काही अडकत नाहीये," मी म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा."

पुढच्या गोष्टी चटकन झाल्या असं म्हणता येणार नाही. मिशीवाल्यांच्या गावात ताईंना काम मिळेपर्यंत बरेच रविवार गेले. कारखान्याच्या मालकांनी हळहळतच तिथल्या एका चष्मेवाल्याला शब्द टाकला. मिशीवाले दोनदा आमच्याकडे येऊन राहिले. पहिल्याच दिवशी जेवताना ताईंशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून, आणि मला कळलं की हे लग्न टिकणार. मग साध्या नोंदणीनं दोघांनी लग्न केलं.

निघायच्या दिवशी आम्ही बस स्थानकावर गेलो. मोठी काचबंद बस, खिडक्या उघडायची सोयच नाही. सगळीकडे पोहोचवायला आलेली माणसं काचेवर ठोकून ओरडत होती. "काय? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल!" आतून नुसती तोंडं हलत होती.

ताई खिडकीत बसल्या आणि निवांत बोलू लागल्या. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाल. माझ्या उशाचा दिवा तू वापर. मिशीवाले त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, माझा वाचायचा चष्मा बेसिनपाशी राहिलाय. हे म्हणाले, पाठवून देतो. आणि तिथलं नेट कसं आहे ते आधी सकाळी बघ, मग संध्याकाळी बघ.

"आता तू गप्प बस," ताई म्हणाल्या.

बस हलली. हे तिच्या बाजूनं चालत राहिले, हातांनी काहीतरी सांगत, ताई आतून उत्तर देत. काय बोलत होते ते मी बघितलं नाही. भावंडांचं होतं. बस वळून दिसेनाशी झाली तरी ह्यांचे हात हवेतच होते. मी जवळ जाऊन त्यांच्या मोकळ्या हातांत माझ्याजवळची छत्री आणि पिशवी दिली, आणि आम्ही घराकडे निघालो.