चौथी टकटक

हुकूम ऐकला की प्रत्येकाने आपला नंबर सांगायचा, हुकूम परत म्हणून दाखवायचा आणि मगच बटण सोडायचं, असं नियमाच्या पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक कंट्रोल रूमच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. अग्निशमन दलाची माणसं वॉकीटॉकीवर आपल्याच पद्धतीने उत्तर द्यायची. बटण दोनदा दाबायचं, बोलायचं काही नाही. टकटक वाजलं की समजायचं, ऐकलं.

ही सोय काढली होती ताईने. कंट्रोल रूमच्या खुर्चीत तिने बारा वर्षं काढली होती. सगळं दल तिला ताई म्हणायचं, आणि त्यातला एकजण तर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. तोंडाला मुखवटा, पाठीवर हवेची टाकी, हातात पाइप, अशा माणसाला कशाला बडबड करायला लावायची, असा तिचा विचार. विचार चांगलाच होता. पण चांगल्या सोयीचे बारा वाजवायला आपल्या लोकांना कितीसा वेळ लागतो? महिन्याभरात कुणी बाथरूमला गेला की त्याची टकटक शेजारचा देऊ लागला, वर्गात मित्राची हजेरी लावावी तशी. बंबाचा चालक, ज्याला सगळे मामा म्हणत, तो यात पटाईत. "टकटक मिळाली की ताई खूश," असं तो तिच्या तोंडावर सांगायचा. आणि ताई रागवायची सोडून हसायची.

उरलेल्या वेळात त्याच चॅनेलवर शिट्ट्या, साहेबांच्या नकला, डब्यात काय आणलंय याची चौकशी. परवाच धाकटा तिच्याकडे जेवताना कुरकुरला होता.

"ताई, यांची गाणी ऐकून कान किटले. मी आपला आवाज बारीक करून ठेवतो."

"बरं करतोस," ती म्हणाली होती आणि त्याच्या पानात आणखी वाढलं होतं.

आज दुपारी पावणेतीनला गाद्यांच्या गोदामाला आग लागली. फोमच्या गाद्या, काळाकुट्ट धूर. चौघे आत गेले, एक आणि दोन नंबर खाली, तीन आणि चार वरच्या मजल्यावर. चार नंबर म्हणजे धाकटा. ताईने टेबलावरचा चहा बाजूला सारला. भाऊ आत असला की तिला घोटभर पाणीही उतरत नसे.

वीस मिनिटांनी गोदामाबाहेर उभ्या असलेल्या साहेबांचा आवाज आला. "ताई, छप्पर वाकतंय. सगळ्यांना बाहेर काढ."

माघारीचा हुकूम नेहमी तिच्याकडूनच जायचा, कारण तिचा वायरलेस संच सगळ्यात जोरकस. ती सावकाश, स्पष्ट बोलली. "एक, दोन, तीन, चार. सगळे बाहेर या. ताबडतोब."

टकटक. टकटक. टकटक.

मग काहीच नाही. पाच सेकंद गेले असतील, पण कुणाचा जीव टांगणीला लागला की सेकंदांना पाय फुटत नाहीत.

टकटक.

"चारही आले," ती स्वतःशीच म्हणाली आणि वहीत लिहिलं, तीन वाजून तेवीस, चौघांनी ऐकलं.

एक आणि दोन बाहेर आले. तीन नंबर आला, मागे वळला आणि मागे कुणीच नव्हतं. धुरात त्याला वाटलं होतं, धाकटा पाइप धरून पाठोपाठच येतोय.

"ताई," साहेब म्हणाले, "चार नंबर दिसत नाही. त्याची टकटक आली होती ना?"

"आली होती."

"मग तो मागच्या जिन्याने उतरत असणार. हवेच्या टाक्या भरलेली दोनच माणसं उरलीत माझ्याकडे, त्यांना मागे पाठवतो. नक्की ना?"

वहीत तर लिहिलेलं होतं. स्वतःच्या हाताने. पण त्या पाच सेकंदांचं काय?

"साहेब, एक मिनिट थांबा."

"मिनिट कुठे आहे माझ्याकडे!"

तिने रेकॉर्डिंग मागे नेलं. घाईत दोनदा भलतीच कळ दाबली गेली. पहिली टकटक, तिच्याबरोबर आगीची घरघर. दुसरी तशीच. तिसरी तशीच. बटण दाबलं की क्षणभर आजूबाजूचं सगळं ऐकू येतं, हे तिला बारा वर्षांत पाठ झालं होतं. चौथ्या टकटकीत आग नव्हतीच. तिथे पाण्याच्या पंपाचा एकसुरी धडधडाट होता.

पंप बंबावर होता. बंबाशी मामा होता.

"मामा," ती म्हणाली, "चौथी टकटक तुमची का?"

रोज शिट्ट्या मारणारे सगळे मूग गिळून बसले. मामाची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, हे तिला माहीत होतं. मामालाही माहीत होतं.

"मामा, तुम्हाला कुणी काही करो न करो. माझा भाऊ आत आहे हो."

धडधडाट ऐकू आला, मग मामाचा आवाज. "माझीच. वाटलं, हात गुंतले असतील त्याचे. येईलच मागोमाग."

ताईला रडायला वेळ नव्हता. "साहेब, मी चुकीचं सांगितलं. चार नंबरने हुकूम ऐकलेलाच नाही. त्याचा आवाज बारीक असतो. तो जिन्यात नाही, वर सोडला तिथेच असेल. माणसं पुढून पाठवा."

मग नुसतं ऐकणं. मागच्या बाजूचं छप्पर कोसळल्याचा आवाज तिला साहेबांच्या संचातून ऐकू आला. तिने वहीतल्या ओळीवर काट मारली, आणि खाली लिहिलं, तिघांनी ऐकलं. चौथ्याचं मी विचारलं नाही.

"मिळाला," कुणीतरी ओरडलं. "श्वास चालू आहे!"

संध्याकाळी इस्पितळात धाकटा डोळे मिटून पडला होता. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, भुवया जळून गेलेल्या. ताई खाटेशी वाकली.

"बाळा, मी आलेय. ऐकू येतंय ना?"

त्याचं बोट हललं. खाटेच्या लोखंडी दांडीवर त्याने दोनदा ठोकलं.

टकटक.

ताईने त्याचं बोट धरलं. "तसं नाही," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "तसं नको रे. तोंडाने सांग."

"घसा भाजलाय त्यांचा," नर्स हळूच म्हणाली. "उद्यापर्यंत बोलता येणार नाही."

ताईने स्टूल ओढलं.

"मग मी उद्यापर्यंत बसते."